भंगाराला रंग मारू नका : नाशिक महापालिकेला खुलं पत्र

मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका,
कुंभमेळा प्राधिकरणातले अधिकारी,
आणि चौक, गार्डन, उड्डाणपुलाखालच्या जागा यांचं सुशोभीकरण ज्यांच्या हातून पास होतं ते सगळे इंजिनिअर, आर्किटेक्ट, ठेकेदार मंडळी,

सप्रेम नमस्कार.

माझं अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ग्रिल, शेड, जिने, गेट हे रोजचं काम, आणि मधूनमधून भंगारातून शिल्पंही करतो, कारण ते मनापासून आवडतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहर सजवायची कामं निघणार, चौक नटणार, आणि कुठेतरी कुणीतरी फाईलवर लिहिणारच की भंगारातून शिल्पं उभारू, लोकांना पर्यावरणाचा संदेश जाईल. टेंडर निघायच्या आधीच बोललेलं बरं म्हणून हे पत्र लिहितोय, कारण एकदा वर्क ऑर्डर निघाली की माझ्यासारख्याने काही बोलून उपयोग नसतो.

आधी माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बागेसाठी मोर करायची ऑर्डर आली. कुणाची, कुठली ते सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. थीम होती टाकाऊतून टिकाऊ. मी भंगारातून लॉट उचलून आणला, सायकलच्या चेन, मोटरसायकलचे स्प्रॉकेट, क्लच प्लेट, बेअरिंगच्या रिंगा, तुटलेले पाने. सगळं वेगवेगळ्या मापाचं, कुठे ग्रीस, कुठे गंज. ज्यांचं काम होतं ते येऊन बघून गेले आणि म्हणाले हे फार घाण दिसतंय, पिसाऱ्याला एकसारख्या चेन पाहिजेत. मग काय, मार्केटमधून कोऱ्या चेन आणल्या, प्लास्टिकच्या पाकिटातल्या, ती पाकिटं फाडून फेकली, चेनवरचं तेल पुसून काढलं, मिठाचं पाणी मारून उन्हात ठेवल्या आणि त्यांना गंज चढवला. म्हणजे नवीन माल घेतला, तो जुना केला, त्यावर परत निळा-हिरवा मेटॅलिक रंग मारला, आणि उद्घाटनाच्या दिवशी शेजारी बोर्ड लागला की ही कलाकृती टाकाऊ वस्तूंपासून बनवली आहे. मी तिथेच उभा होतो. बोललो नाही कारण पेमेंट बाकी होतं. ते न बोलणं मला आजपर्यंत टोचतंय.

त्या मोरासमोर पोरं हरखून उभी राहायची, ते खोटं नाही, आणि वेल्डिंग पण चांगलं झालं होतं. पण त्या मोराने एकाही माणसाला आपण काय फेकतो ते दाखवलं नाही, उलट झाकलं. माझं म्हणणं एवढंच आहे की भंगाराच्या शिल्पात भंगार दिसलं पाहिजे.

आता लोखंडाबद्दल बोलू, कारण भंगाराचं शिल्प म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर नट-बोल्टचा सिंह येतो. लोखंड हा खरं तर कचराच नाही हो. अंबड, सातपूरच्या कुठल्याही युनिटमधून निघालेला टर्निंगचा चुरा, शीटची कटिंग, तुटलेला जॉब, यातला एक किलो पण वाया जात नाही. काट्यावर वजन होतं, रोख पैसे मिळतात, ट्रक भरतो आणि माल भट्टीकडे जातो, आपल्या जवळचं बघायचं तर जालन्याच्या स्टील कारखान्यांमध्ये अशाच स्क्रॅपच्या परत सळया होतात. म्हणजे जे लोखंड वितळून पुन्हा कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये गेलं असतं तेच आपण अडवून चौकात सिंह म्हणून उभं करतो आणि म्हणतो की आम्ही कचरा वाचवला. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, पुठ्ठा, रद्दी सगळ्याचं तसंच.

आपल्या भांडी बाजारात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. जुना हंडा, चेपलेलं पातेलं घेऊन जायचं, ते मोडीत घालायचं, मोडीचं वजन होऊन तेवढे पैसे नवीन भांड्यातून वजा व्हायचे. माझी आजी घरातल्या प्रत्येक पितळी भांड्याची मोड किती येईल ते सांगायची. दारात बोहारीण यायची, जुन्या लुगड्यांवर स्टीलचा डबा मिळायचा, आणि जे लुगडं बोहारणीला द्यायच्या पण लायकीचं नसायचं त्याची गोधडी व्हायची. वस्तू घरातून बाहेर पडताना पण तिला किंमत असायची, म्हणून ती घेताना माणूस दहादा विचार करायचा. आता मिक्सरच्या भांड्याचा प्लास्टिकचा कपलर तुटला तर दुकानदार सांगतो पार्ट मिळत नाही, नवीनच घ्या, ऑफर चालू आहे, हप्त्यावर मिळेल. आणि आपण घेतो. मी पण घेतला.

तर मग खरा कचरा कुठला? जो भंगारवाला घेत नाही तो. आमच्या वर्कशॉपच्या गल्लीत एक ताई कचरा वेचायला येतात, बरीच वर्षं येतात. मी एकदा त्यांना म्हणालो ताई, ती वेफर्सची पाकिटं पण घेऊन जा ना, ढिगाने पडलीत. त्या म्हणाल्या, दादा, जे चकाकतं ते आम्ही उचलत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. चिप्स, बिस्किटं, शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी, सॉसचं सॅशे, यात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा चिकटवलेला असतो, ते थर वेगळे करणं परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही, म्हणून ते कुणी उचलत नाही, म्हणून ते गटारीत जातं, तिथून नासर्डी नदीत आणि तिथून गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत. पाण्याची पीईटी बाटली तशी पडून राहत नाही कारण तिला भाव आहे. दुकानात जे सगळ्यात चकचकीत दिसतं, ज्याच्यावर सगळ्यात जास्त जाहिरात होते, त्याचंच पाकीट रस्त्यावर सगळ्यात बिनकामाचं. शिल्प करायचंच असेल तर ते याचं करा.

आपण शाळेत टाकाऊतून टिकाऊ शिकलो, बाटलीचा फ्लॉवरपॉट केला, आईस्क्रीमच्या काड्यांचं घर केलं. पण हे पाकीट टाकाऊ नाहीच मुळात, ते टिकाऊच आहे, माझ्या नातवंडांपेक्षा जास्त टिकेल. पाच मिनिटात रिकामं होणाऱ्या वस्तूला इतकं टिकाऊ पाकीट कशाला, हा प्रश्न त्या फ्लॉवरपॉटने कधी विचारलाच नाही.

मी फार शिकलेला माणूस नाही, पण माझी पुतणी आर्ट शिकते, तिच्यामुळे जगातल्या बऱ्याच लोकांचं काम बघायला मिळालं, आणि एक काम तर स्वतः जाऊन पाहिलं. मशीनच्या कामासाठी चंदीगडला गेलो होतो तेव्हा रॉक गार्डन बघितलं. नेकचंद सैनी हा माणूस तिथल्या पीडब्ल्यूडीत रोड इन्स्पेक्टर होता. नवं चंदीगड बांधण्यासाठी जुनी गावं पाडली, त्या पाडलेल्या घरांचा मलबा, फुटलेल्या बांगड्या, कपबशा, टाईल्स, इलेक्ट्रिकचे सॉकेट, हे सगळं तो १९५७ पासून सायकलवरून गोळा करत राहिला आणि नोकरी सांभाळून सरकारी जंगलाच्या जागेत गुपचूप शिल्पं मांडत राहिला. १९७५ ला अधिकाऱ्यांना ते सापडलं. बेकायदाच होतं, पाडता आलं असतं. पाडलं नाही. १९७६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं, नेकचंदला पगार दिला, हाताखाली ५० मजूर दिले आणि सांगितलं की आता हेच काम कर. १९८४ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. मला त्या शिल्पांइतकंच त्या अधिकाऱ्यांचं कौतुक वाटतं. तिथे बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बायका रांगेत उभ्या आहेत, जवळ गेलं की कळतं ह्या कुणाच्या तरी हातातल्या बांगड्या होत्या. एकावरही रंग मारलेला नाही, काचेचा रंग तोच शिल्पाचा रंग.

दिल्लीला निजामुद्दीनजवळ २०१९ मध्ये तिथल्या महापालिकेने जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती भंगारातून उभ्या केल्या, जवळपास १५० टन भंगार लागलं. त्याचे फोटो मी खूप बारकाईने बघितलेत आणि फॅब्रिकेटर म्हणून सांगतो, काम अवघड आहे, ज्यांनी केलं त्यांना माझा सलाम. पण माणसं तिथे ताजमहाल आणि आयफेल टॉवर बघायला जातात, त्याच्यासमोर फोटो काढतात आणि बाहेर येऊन पाण्याची बाटली घेतात. नाशिकने ते कॉपी करू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे.

त्यापेक्षा घानाचे एल अनात्सुई बघा. नायजेरियात एन्सुका गावी राहून त्यांनी दारूच्या बाटल्यांची बुचं आणि झाकणांच्या पट्ट्या ठोकून चपट्या केल्या, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडल्या आणि भिंतभर मोठे शालूसारखे पडदे केले. लांबून जरीचं कापड वाटतं, जवळ गेलं की दारूच्या कंपन्यांची नावं वाचता येतात. युरोपातून आलेली दारू गुलामांच्या व्यापारात मोबदला म्हणून दिली जायची, तो सगळा इतिहास त्या बुचात आहे, आणि त्यांनी ती नावं खोडली नाहीत. २०१५ ला व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कला प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा गोल्डन लायन मिळाला. जर्मनीचे एच. ए. शुल्ट यांनी १९९६ मध्ये डबे, कॉम्प्युटरचे पार्ट, असल्या कचऱ्यातून माणसाच्या उंचीचे १००० पुतळे केले. ते पुतळे मॉस्कोच्या रेड स्क्वेअरमध्ये, चीनच्या भिंतीवर, इजिप्तच्या पिरॅमिडजवळ काही दिवस उभे राहिले आणि पुढच्या गावाला गेले. हजार कचऱ्याची माणसं आपल्याकडे तोंड करून उभी आहेत असं नुसतं डोळ्यासमोर आणून बघा.

पण मला सगळ्यात जास्त भिडलेलं काम न्यूयॉर्कच्या मिअर्ल लेडरमन युकेलीस या बाईंचं. १९७७ पासून त्या तिथल्या स्वच्छता खात्याच्या आर्टिस्ट आहेत, पगार नाही, पण ऑफिस खात्यातच. १९७९-८० मध्ये त्यांनी शहरातल्या साधारण ८५०० सफाई कामगारांना गाठून प्रत्येकाशी हात मिळवला आणि प्रत्येकाला म्हणाल्या, न्यूयॉर्क जिवंत ठेवल्याबद्दल धन्यवाद. आणि १९८३ मध्ये त्यांनी कचऱ्याच्या एका ट्रकला सगळ्या बाजूंनी आरसे लावले आणि तो मिरवणुकीत नेला. रस्त्यावरच्या लोकांना कचऱ्याच्या गाडीत स्वतःचं तोंड दिसलं.

हे वाचलं तेव्हा मला पहिली आठवण आली आपल्या घंटागाडीची. घंटागाडी म्हटलं की नाशिकचं नाव निघतं. सकाळी घंटा वाजली की आपण वरून बादली घेऊन पळत येतो, गाडीकडे पाठ करून परत जातो, आणि विषय संपला. एका घंटागाडीला, फक्त एका, दोन्ही बाजूंनी आरसे लावा आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत फिरवा. फ्रेम आणि फिटिंग मी करून देतो, टफन ग्लास वापरू म्हणजे फुटली तरी कुणाला लागणार नाही. गाडीवरचे ड्रायव्हर आणि मदतनीस त्या दिवशी फेटा बांधून पुढे बसले पाहिजेत, त्यांना मागे ठेवून कुणा पाहुण्याला पुढे बसवायचं असेल तर राहू द्या.

दुसरी सूचना माझ्यासाठी जास्त महत्त्वाची, आणि ती मला आपल्याच गावातून सुचली. आपल्याकडे एक मूर्ती अशी आहे जी अख्खं शहर वाचतं. गंगेवरचा दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर एकमेकांना फोन करून क्युसेक विचारत नाहीत, विचारतात मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. आणि नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी टेकलं तर मग विचारायलाच नको. कोणी त्या मारुतीशेजारी संदेशाचा बोर्ड लावलेला नाही. मूर्ती उभी आहे, पाणी चढतं, लोकांना कळतं.

कचऱ्याचा असा दुतोंड्या करू. मारुती नाही, देवाचं रूप कचऱ्याला द्यायचं नाही, साधा माणूस करू. दोन्ही हातात पिशव्या घेऊन बाजारातून परत येणारा, पंधरा-सोळा फूट उंच, आतून पूर्ण पोकळ. सांगाडा एमएस म्हणजे साध्या लोखंडी पाईपचा, अंग बारीक जाळीचं, आतलं सगळं दिसेल असं. पहिल्या दिवशी तो रिकामा उभा करायचा. मग एकच प्रभाग निवडायचा आणि त्या प्रभागातून निघणारी, कुणीही विकत न घेणारी पाकिटं दर रविवारी सगळ्यांसमोर त्याच्यात भरायची. कोरडी आणि स्वच्छ, ओला कचरा नाही म्हणजे वास नाही, डास नाही. घोट्यापर्यंत किती दिवसात येतं, कमरेपर्यंत किती, गळ्यापर्यंत किती, ते बाजूच्या पट्टीवर तारीख टाकून लिहायचं. रंग अजिबात मारायचा नाही, जाळीला गंज लागू नये म्हणून लागेल तेवढा रेड ऑक्साईड सोडून. ब्रँडची नावं जाळीतून दिसतील, दिसू द्या. कुणा कंपनीला वाईट वाटलं तर त्यांनी येऊन आपापली पाकिटं परत न्यावीत.

आमच्या घरात मी हे करून बघितलंय. आम्ही चौघं, एक महिना एकही पाकीट फेकायचं नाही ठरवलं. धुवून, वाळवून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरत गेलो. दोन गोण्या भरल्या. बायको म्हणाली आपण एवढं खातो? आणि खरं तर आपण खातो ते नाहीच त्यात, आपण खाल्ल्यावर जे उरलं तेवढंच आहे. त्या गोण्या मी वर्कशॉपला जाळीच्या पिंजऱ्यात ओतून ठेवल्यात. येणारा प्रत्येक गिऱ्हाईक थांबून बघतो, विचारतो हे काय, आणि मी सांगितल्यावर बराच वेळ काही बोलत नाही. मोराने हे कधी केलं नव्हतं.

जागा घाटावर नको, हे स्पष्ट लिहितो. पहिल्याच पुरात सगळं गंगेत जाईल, आणि प्लास्टिक उन्हात राहिलं की ठिसूळ होऊन त्याचा भुगा होतो, तो पण जाळीतून पाण्यातच जायचा. म्हणून हा पुतळा कायमचा पण नको, वरून पत्र्याची छत्री, जास्तीत जास्त एक सीझन, मग रिकामा करून माल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून पाठवायचा आणि माणूस पुढच्या प्रभागात. माझ्या मते सगळ्यात योग्य जागा उंटवाडीला सिटी सेंटर मॉलच्या परिसरात आहे. एका बाजूला मॉल, दुसऱ्या बाजूला नासर्डी. आपण तिला कागदावर नंदिनी म्हणतो. पुलावर दोन मिनिटं उभं राहून खाली बघितलं तर मॉलमधून काय निघतं आणि कुठे जातं हे कळायला मधे कुणी समजावून सांगायची गरज नाही. तिथे हातात पिशव्या घेतलेला जाळीचा माणूस उभा राहिला पाहिजे.

पैशाचं पण सांगतो, कारण पुढे तिथेच गाडी अडते. वेल्डर, आर्किटेक्ट, ठेकेदार सगळ्यांचं बिल निघतं, कचरा निवडणाऱ्या बायकांचं मात्र श्रमदान धरलं जातं. तसं करू नका. पाकिटं वेगळी करणं हे कौशल्याचं काम आहे, त्या ताई हातात घेतल्या घेतल्या आवाजावरून सांगतात यात अ‍ॅल्युमिनियम आहे का साधं प्लास्टिक. त्यांची रोजची मजुरी बुडवून त्या तुमच्या शिल्पासाठी येणार असतील तर इस्टिमेटमध्ये त्यांचा रोज धरा, हातमोजे धरा, आणि त्या हो म्हणाल्या तर पाटीवर त्यांची नावं आधी टाका, माझं नाही टाकलं तरी चालेल. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ मध्ये अतिक्रमण म्हणून हटवला गेला, त्या वादात मी इथे पडत नाही. पण शहराचं जुनं झालेलं सगळं हाताळणारी ही माणसं शहराला कुठे दिसतच नाहीत, आणि निदान त्यांच्या मालावर उभ्या राहणाऱ्या शिल्पाशेजारी तरी ती दिसली पाहिजेत.

सिंहस्थात लाखो माणसं येणार, प्रत्येकाच्या हातात काहीतरी पाकीट असणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा हा माणूस भरायला किती तास लागतात ते सगळ्यांसमोर बघता येईल. त्याची लाज वाटेल म्हणून काहीजण नको म्हणतील, मला वाटतं तेव्हाच तो उभा हवा.

सांगाड्याचं ड्रॉईंग माझ्याकडे तयार आहे, पायाचं फाउंडेशन आणि वाऱ्याचा लोड एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावा लागेल, तेवढं तुम्ही करा. पाईप आणि जाळीचा खर्च द्या, माझी आणि माझ्या दोन पोरांची वेल्डिंगची मजुरी मी घेणार नाही. जुन्या मोराचं पेमेंट घेतलंय, त्यात हे फिटलं असं समजेन. माझं वर्कशॉप रविवारी बंद असतं, त्या दिवशी तुमच्यापैकी कुणीही या, आधी त्या दोन गोण्या बघा, मग ड्रॉईंग दाखवतो.

आपला,
अंबडचा एक फॅब्रिकेटर